विश्लेषण : आयटीची पदवी तुळजापुरात, मग इंटर्नशिपसाठी पुणेच का?

फी माफ झाली, अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा झाला. पण तो अनुभव घ्यायला लागणारा घरभाड्याचा आणि मेसचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. लहान गावातल्या आयटीच्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथे आहे आणि तिच्यावरचा एक उपाय गावातच आहे.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. संगणक शाखा मिळेल का, आयटी मिळेल का, आणि फी किती? तुळजापूरसारख्या तालुक्याच्या गावात या यादीत आणखी एक प्रश्न असतो : ‘इथेच शिकायचे की बाहेर जायचे?’ प्रवेशाच्या धामधुमीत मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी येणारा खर्च कोणी विचारात घेत नाही. तो इंटर्नशिपचा. पदवीचे मोल ठरवण्यात या काही महिन्यांचा वाटा मोठा असतो आणि लहान गावातला विद्यार्थी नेमका तिथेच मागे पडतो.

आयटीची पदवी म्हणजे नेमके काय?

बारावीनंतर आयटीत जायचे तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला चार वर्षांच्या बी.टेक.चा. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून प्रवेश मिळतो. दुसरा बीसीएचा. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे ‘एआयसीटीई’च्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठीही स्वतंत्र सीईटी सुरू झाली. तिसरा रस्ता बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बी.एस्सी. आयटीचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ही पदवी तीन वर्षांची, आणि ऑनर्स हवी असेल तर चार वर्षांची आहे.

संगणक आणि आयटी या शाखांत फरक काय, हे पालक हमखास विचारतात. पहिल्या दोन-तीन वर्षांचे बरेच विषय सारखेच असतात : डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग. नोकरीसाठी येणाऱ्या बहुतेक कंपन्याही दोन्ही शाखांना एकाच रांगेत बसवतात. तरी कल वेगळा आहे. संगणक शाखेचा भर यंत्रणा कशी घडते यावर, तर आयटीचा भर ती लोकांसाठी रोज कशी चालते यावर. माहिती गोळा करणे, ती सुरक्षित ठेवणे, योग्य माणसाला योग्य वेळी दाखवणे आणि बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे हा आयटीचा गाभा आहे. पुढचा मुद्दा समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

तुळजापूरच्या विद्यार्थ्यापुढे पर्याय कोणते?

तुळजापुरात श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानने सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. देवस्थानाच्या उत्पन्नातून तंत्रशिक्षणाची सोय व्हावी, हा विचार १९८०च्या दशकात मराठवाड्याच्या या टोकाला झाला, याचे कौतुक आजही वाटते. धाराशिवला तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे. ‘माहिती तंत्रज्ञान’ याच नावाची शाखा हवी असेल, तर साधारण ४५ किलोमीटरवरच्या सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा पर्याय आहे.

म्हणजे शिकण्याची सोय अगदीच नाही असे नाही. फीचा भारही बराच हलका झाला आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट इतकीच, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, शिवाय शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा आहेत. ज्या घरातली मुलगी केवळ फीपायी मागे राहिली असती, ती आज अभियांत्रिकीच्या वर्गात बसू शकते. हा बदल मोठा आहे.

इंटर्नशिप किती सक्तीची?

पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर कुठे तरी जाऊन आले की झाले, अशी पद्धत होती. आता तसे राहिलेले नाही. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तासांचा अनुभव अपेक्षित आहे. आठवड्याला ४० तास धरले तर हे १५ ते १७ आठवडे होतात, म्हणजे जवळपास चार महिने. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या बी.टेक.मध्ये शेवटच्या सत्रात उद्योगात राहून प्रकल्प आणि इंटर्नशिप करण्याचा पर्याय आहे. पदवीच्या इतर अभ्यासक्रमांतही नव्या धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे चार क्रेडिट ठेवले आहेत, म्हणजे साधारण १२० तास.

कल्पना उत्तम आहे. वर्गात डेटाबेस शिकलेला विद्यार्थी खऱ्या कार्यालयातला डेटा पाहतो तेव्हा त्याला कळते, की एकाच माणसाचे नाव चार नोंदींत चार प्रकारे लिहिलेले असते. हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

मग अडचण कुठे?

अडचण अंतराची आणि पैशाची आहे. आयटी कंपन्या प्रामुख्याने पुण्यात, हिंजवडी-खराडी-मगरपट्ट्यात. तुळजापूरहून पुणे जवळपास तीनशे किलोमीटर. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली, पण आजही गावाचा भरवसा एसटीवरच आहे. रोज ये-जा करणे शक्य नाही. पुण्यात राहावेच लागते.

साधा हिशेब मांडू. कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि बसभाडे मिळून महिन्याला दहा हजार रुपये लागतात असे धरू. सहा महिन्यांचे साठ हजार झाले, शिवाय खोलीचे डिपॉझिट वेगळे. इंटर्नशिपला विद्यावेतन मिळेलच याची खात्री नाही. ज्या घरात सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरतो, तिथे साठ हजार ही रक्कम सहज उभी राहत नाही. मुलींच्या बाबतीत पैशापाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो. अनोळखी शहरात सहा महिने एकटी कशी राहील? फी माफ करून सरकारने ज्या मुलीला वर्गापर्यंत आणले, ती शेवटच्या टप्प्यावर इथे अडते.

मग वाट निघते ती कागदाची. ओळखीच्या कॉम्प्युटर सेंटरचे पत्र, नाही तर पैसे भरून मिळणारे ऑनलाइन प्रमाणपत्र. तीन-चार व्हिडिओ पाहायचे, तयार प्रकल्प उतरवायचा, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग करायचे आणि व्हायवाला उभे राहायचे. मी स्वतः अभियांत्रिकी केले आहे. आमच्या वेळीही असे रिपोर्ट एका पेन ड्राइव्हमधून दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये फिरत होते आणि ते तपासणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. त्यात विद्यार्थ्याला दोष देऊन सुटका करून घेणे सोपे आहे. पण नियमाने काम सक्तीचे केले आणि काम मिळण्याची सोय केली नाही, तर प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहणारच.

त्याची किंमत नोकरीच्या मुलाखतीत मोजावी लागते. ‘तू नक्की काय केलेस?’ या प्रश्नावर पुण्यात सहा महिने काम केलेला मुलगा दहा मिनिटे बोलतो. प्रमाणपत्र विकत घेतलेला दोन वाक्यांत थांबतो. दोघांची पदवी एक, कदाचित गुणही सारखे.

सरकारच्या विद्यावेतन योजना आहेतच ना?

आहेत, पण इथे मोठी मेख आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी उत्तीर्णांना महिन्याला सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण शिक्षण सुरू असलेला उमेदवार त्यात पात्र नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही २०२४ मध्येच आली. २१ ते २४ वयोगटासाठी, महिना पाच हजार रुपये आणि सुरुवातीला एकरकमी सहा हजार. तिथेही पूर्णवेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी बाहेर.

दोन्ही योजना बेरोजगार तरुणांसाठी आखल्या असल्याने ही अट समजण्यासारखी आहे. पण परिणाम विचित्र झाला आहे. पदवीच्या आत जी इंटर्नशिप सक्तीची आहे तिला सरकारी मदत नाही आणि मदत मिळते ती पदवी संपल्यावर, काम न मिळाल्यास. पहिल्या टप्प्यावर थोडे पैसे खर्च झाले, तर दुसऱ्या टप्प्यावरची गर्दी काही प्रमाणात तरी कमी होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वे २०२५ मध्ये आणली. त्यात विद्यार्थ्याला विद्यावेतनासह काम करता येते. दिशा योग्य आहे. पण त्यासाठी महाविद्यालयाला उद्योगाशी करार करावा लागतो. उद्योगच तीनशे किलोमीटर दूर असेल, तर करार होऊनही राहण्याच्या खर्चाचा प्रश्न उरतोच.

तुळजापुरात आयटीचे काम आहे तरी कुठे?

इथे आयटीची मूळ व्याख्या कामी येते. आयटी म्हणजे लोकांसाठी माहितीची यंत्रणा चालवणे, असे मानले तर तुळजापुरात काम भरपूर आहे.

पहिले ठिकाण मंदिर. वर्षभर भाविकांची ये-जा, शारदीय नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला लाखोंची गर्दी. दर्शन पास, अभिषेकाची नोंदणी, देणगीच्या पावत्या, निवासाच्या खोल्या, हरवलेल्या माणसांची नोंद ही सगळी माहितीचीच कामे आहेत. एकाच वेळी हजारो लोकांनी पास मागितला तर सर्व्हर कसा टिकवायचा, हा पुण्यातल्या कंपनीत ‘लोड’ म्हणून शिकवला जाणारा विषय. इथे तो दर नवरात्रात समोर येऊन उभा राहतो.

दुसरे ठिकाण नगर परिषद. मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी. कोणत्या प्रभागातून पाण्याच्या तक्रारी कोणत्या महिन्यात जास्त येतात, हे तक्रारवही व्यवस्थित संगणकावर आणली तर दोन आठवड्यांत कळते. तिसरे बाजार समिती. रोजची आवक आणि भाव शेतकऱ्याच्या मोबाइलवर सोप्या मराठीत पोचवणे हा बीसीएच्या विद्यार्थ्यालाही झेपणारा प्रकल्प आहे. चौथे उपजिल्हा रुग्णालय, पाचवे पंचायत समिती आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायती. २०२१ पासून शेतकऱ्याने ई-पीक पाहणी स्वतः मोबाइलवर करायची असते. फोटो अपलोड होत नाही, सर्व्हर चालत नाही, ओटीपी येत नाही, या तक्रारी कोणी तरी पद्धतशीर नोंदवून, त्यांची वर्गवारी करून वर पाठवायला हव्यात. सॉफ्टवेअर कंपनीत याच कामाला ‘टेस्टिंग’ आणि ‘सपोर्ट’ म्हणतात आणि त्यासाठी पगार देतात.

उत्तर शोधायलाही फार लांब जायला नको. टाटा समाजविज्ञान संस्थेचा म्हणजे ‘टिस’चा ग्रामीण परिसर १९८०च्या दशकापासून तुळजापुरात आहे. समाजकार्याच्या शिक्षणात ‘क्षेत्रकार्य’ हा अभ्यासाचाच भाग असतो. विद्यार्थी गावात किंवा संस्थेत जातो, नोंदी ठेवतो आणि मार्गदर्शक त्या तपासतो. त्याच गावातल्या आयटीच्या विद्यार्थ्याला मात्र अनुभवासाठी पुण्याची गाडी धरावी लागते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला जे गाव शिकण्याची जागा वाटते, ते आयटीच्या विद्यार्थ्याला फक्त सोडून जाण्याची जागा वाटावे, याचे कारण आपण त्याला इथले काम कधी दाखवलेच नाही.

आक्षेप काय असू शकतात?

पहिला आक्षेप : सरकारी सॉफ्टवेअर तर मुंबई-दिल्लीहून तयार होऊन येते, स्थानिक कार्यालयात करायचे काय? उत्तर असे, की सॉफ्टवेअर वरून येते, पण ते चालते खाली. नेटवर्क, बॅकअप, जुन्या नोंदींची साफसफाई, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नागरिकांच्या अडचणी ही सगळी कामे स्थानिकच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नागरिकांची खासगी माहिती विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची का? मुळीच नाही. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. आधार क्रमांक, आजारपणाच्या नोंदी किंवा बँक खाते विद्यार्थ्याला दिसताच कामा नये. त्याने नमुना माहितीवर काम करावे, खऱ्या नोंदी अधिकृत कर्मचाऱ्याने हाताळाव्यात आणि सुरुवातीलाच गोपनीयतेचा लेखी करार व्हावा. खरे तर ही शिस्त शिकणे हाच आयटीच्या पदवीतला महत्त्वाचा धडा आहे.

तिसरा आक्षेप : नगर परिषदेतल्या इंटर्नशिपला कंपनी विचारेल का? नुसते पत्र असेल तर नाही. पण ‘आमच्या गावात ही अडचण होती, मी ही रचना केली, इतके लोक ती वापरतात, ती दोनदा बंद पडली आणि अशी दुरुस्त केली’ असे सांगता आले, तर मुलाखत घेणारा नक्कीच ऐकतो. यात एक उणीव राहते, ती मान्य करायला हवी. अनुभवी सॉफ्टवेअर अभियंता शेजारच्या टेबलावर असणे आणि नसणे यात फरक पडतो. कोड कसा लिहावा, दुसऱ्याने लिहिलेला कसा वाचावा, हे चांगल्या टीममध्येच लवकर कळते. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने पुणे-बेंगळुरूत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून तासभर ऑनलाइन मागावा. स्नेहमेळाव्यात सत्कार करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि ज्याला पुण्यात चांगली संधी मिळते त्याने ती जरूर घ्यावी. मुद्दा ज्याला जाता येत नाही त्याचा आहे.

करायचे काय, आणि पैसे किती?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, दर सत्राआधी मंदिर संस्थान, नगर परिषद, पंचायत समिती, बाजार समिती आणि रुग्णालयाने आपापल्या अडचणींची लेखी यादी महाविद्यालयांना द्यावी. मंदिर संस्थानचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतो, त्यामुळे या सगळ्या कार्यालयांना एका टेबलावर बसवणे जिल्हा प्रशासनाला कठीण जाऊ नये. नीती आयोगाने २०१८ मध्ये हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला. त्या यादीतल्या जिल्ह्यात असा प्रयोग शोभेल.

दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक असावेत, एक महाविद्यालयातला आणि एक कार्यालयातला. दर आठवड्याची नोंद दोघांनी तपासावी. नाही तर मुलांना झेरॉक्स काढायला आणि टपाल पोचवायला बसवले जाईल.

तिसरी, विद्यावेतन. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एक दुरुस्ती करून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपच्या सत्रापुरते पात्र धरावे. समजा तालुक्यात ५० विद्यार्थी आहेत आणि महिना सहा हजारांप्रमाणे सहा महिने दिले, तर खर्च १८ लाख रुपये होतो. गावात राहून काम करणाऱ्याला पुण्याचे भाडे द्यायचे नसल्याने सहा हजारही पुरतात. सोलापुरात काम मिळाले तरी चालेल. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे मुलींना रोजची ये-जा परवडू शकते.

शिकता शिकता काम करून आपला खर्च भागवणे महाराष्ट्राला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ची वाट घालून दिली. विद्यापीठांत ही योजना आजही चालते, पण बागकाम आणि ग्रंथालयाच्या कामापुढे फारशी गेलेली नाही. तिचा आयटीतला अवतार आता यायला हवा.

प्रवेश घेताना पालकांनी काय विचारावे?

पसंतीक्रम भरण्याआधी फी आणि प्लेसमेंटचे आकडे सगळेच विचारतात. त्यांच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षीचे विद्यार्थी इंटर्नशिपला कुठे गेले, त्याची यादी दाखवाल का? त्यातल्या किती जणांना विद्यावेतन मिळाले? आठवड्याची नोंद कोण तपासते? आणि संगणक प्रयोगशाळा तासांव्यतिरिक्त किती वेळ उघडी असते? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण ज्याच्या घरी लॅपटॉप नाही त्याच्यासाठी तोच सगळ्यात मोठा आहे.

यादी मिळाली नाही, तर ते महाविद्यालय लगेच वाईट ठरत नाही. पण पालक विचारू लागले, की यादी ठेवावी लागते आणि यादी ठेवली, की कागदी इंटर्नशिप लपत नाही. योजनेतली दुरुस्ती मुंबईत व्हायची तेव्हा होईल. अडचणींची यादी करायला मात्र शासन निर्णयाची गरज नाही. पुढचे सत्र सुरू होण्याआधी तुळजापुरातल्या पाच कार्यालयांनी एकेक पान लिहून दिले, तरी सुरुवात होते.